चाकू सोडून सगळं

रविवारी दुपारी शालिग्राम ढोमणे सायकलवरून उतरला तेव्हा त्याच्या हातात काच नसलेला कंदील होता. अंजनी दारातच उभी होती. तिने कंदिलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“चाकू आणाले गेले होते ना?”

“येऊन राहिला. अशा कामात घाई करून चालत नाही,” असं म्हणत शालिग्रामने कंदील कोपऱ्यात ठेवला. त्या कोपऱ्यात आधीच एक बंद पडलेलं घड्याळ, बिनकानाची कढई आणि एका पायाची खडाव होती.

शालिग्राम जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात टर्नर होता. कारखान्यात त्याचा हात जितका सरळ चाले, तितकं त्याचं डोकं बाजारात वाकडं चाले. जुने घडीचे चाकू जमवायचा त्याला नाद होता. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात लुगड्याच्या चिंधीवर ते चाकू निजलेले असत आणि सुट्टीच्या दिवशी तो त्यांना लहान लेकरासारखं तेल लावी. पण चाकूंपेक्षाही त्याला अभिमान होता तो ते मातीमोलाने मिळवल्याचा. त्याचा नियमच होता, की हवी ती वस्तू बघायची नाही. शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा, तिच्यावर घासाघीस करायची, नाक मुरडून उठायचं आणि जाता जाता म्हणायचं, “बरं, हा गंजका चाकू तरी देतो काय?” दुकानदार वैतागून देऊन टाकी. अडचण एवढीच, की कधीकधी दुकानदार शेजारच्या वस्तूच्या भावालाच कबूल होई आणि मग ती घ्यावी लागे. कढई, घड्याळ, खडाव हे सगळे असे शेजारी होते.

हा नियम त्याने कोणालाही सांगितला नव्हता, अंजनीलासुद्धा नाही. गुपित फुटलं की भाव चढतो.

अंजनीचा स्वतःचा एक जुना सल होता. शालिग्राम तिला पाहायला तिच्या माहेरी आला, तेव्हा त्याने एकदाही तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. तो सारा वेळ गोठ्यातल्या गाईबद्दल विचारत होता. मुलाला मुलगी पसंत पडलेली दिसत नाही, असं समजून तिच्या बाबांनी घाबरून लग्नात गाय दिली. ती गाय केव्हाच म्हातारी होऊन गेली, पण अंजनीचा टोमणा अजून दूध देत होता. काही बिनसलं की ती म्हणे, “तुमचं लगन तर गाईसंग झालं. मी वरून आली.”

पासष्ट सालचा सप्टेंबर होता. लढाई पेटली होती. कारखान्याला रात्र राहिली नव्हती, खिडक्यांना काळे कागद लागले होते आणि ज्याच्या त्याच्या तोंडी शत्रूच्या हेरांच्या गोष्टी होत्या. भोंगा लावलेला टांगा गल्लोगल्ली ओरडत फिरे, की कोणी नको ते विचारत असेल, उगाच आकाशाकडे बघत असेल, तर ठाण्यात कळवा.

शालिग्रामनेही ते ऐकलं होतं. पण माणूस असलं ऐकतो ते दुसऱ्यांसाठी.

कांचघरच्या बाजारात भूरेलाल कबाडी पोतं अंथरून बसे. त्या पोत्यावर शालिग्रामला तो चाकू दिसला होता. शिंगाची मूठ, दोन पाती, शेवटाला पितळी कडी. मागच्या मोठ्या लढाईत इथे छावणीला असलेल्या कुणा गोऱ्या शिपायाचा असावा. चाकू मनात भरला आणि शालिग्रामने ताबडतोब आकाशाकडे पाहिलं.

त्या दिवशी त्याने कंदिलाचा भाव विचारला. तोच हा कंदील. पुढच्या खेपेला चाकूच्या एका बाजूला फुटकी दुर्बीण होती आणि दुसऱ्या बाजूला होकायंत्र. त्याने दोन्हींचे भाव विचारले. दुर्बीण डोळ्याला लावून रेल्वेच्या रुळांकडे बघितलं. भूरेलालला संशय येऊ नये म्हणून इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. आजकाल मालगाड्या फार जातात काय, त्यांत काय भरलेलं असतं, तिलवाऱ्याच्या पुलावर पहारा बसला काय, रात्री असतो की दिवसाच. अंजनीला नर्मदेवर न्यायचं त्याच्या मनात होतं, म्हणून पुलाचं विचारलं. मग नाक मुरडलं, आकाशाकडे पाहिलं आणि काही न घेता निघून गेला.

पुढल्या रविवारी तो गेला तेव्हा भूरेलालने उठून नमस्कार केला, बसायला खोकं दिलं आणि चहा मागवला. ज्या माणसाने आजवर कोणाला पाणी विचारलं नव्हतं, तो चहा पाजतो आहे म्हणजे गडी नरमला, असं शालिग्रामने ओळखलं. त्याने सावकाश फुंकर मारत चहा घेतला आणि दुर्बीण पुन्हा मागितली.

दुर्बीण डोळ्याला लावली तर समोर खाकी कापडाखेरीज काही दिसेना. त्याने ती खाली केली. दोन शिपाई उभे होते.

ठाण्यात त्याच्या खिशातून निघालं ते असं. एक भिंग, तुलनेसाठी आणलेला एक छोटा चाकू आणि तोफांच्या कारखान्याचा पास. ठाणेदाराने तिन्ही वस्तू टेबलावर ओळीने मांडल्या. ती ओळ बघून शालिग्रामला स्वतःचीच भीती वाटली.

भूरेलाल बाकावर बसला होता, छाती फुगवून. ठाणेदाराने त्याला विचारलं, की या माणसाने काय काय विचारलं.

“साहब, रेल पूछी, पुल पूछा, पहरा पूछा,” भूरेलाल म्हणाला. “दुकान में एक चाकू पड़ा है। बस वही छोड़के सब पूछ लिया।”

आता खरं काय ते सांगितलं तरच सुटका होती. नाही तर पास जाणार, नोकरी जाणार, क्वार्टर जाणार. लढाईच्या दिवसांत हेर ठरलेल्या माणसाला कुत्रंही विचारत नाही. पण खरं सांगायचं ते भूरेलालच्या समोर. बारा आण्यांत येणारा चाकू मग दहा रुपयांतही येणार नाही. एका पारड्यात तुरुंग आणि दुसऱ्या पारड्यात चाकूचा भाव. सांगायला लाज वाटते, पण शालिग्रामने थोडा वेळ खरोखर विचार केला.

“सहज फिराले गेलो होतो,” तो म्हणाला.

ठाणेदाराने कोठडीची किल्ली मागवली.

तेवढ्यात शेजारचा अंबादास अंजनीला घेऊन आला. बाजारात बातमी पसरली होती. अंजनीचा पदर डोक्यावर होता आणि चेहरा पांढरा पडला होता. ठाणेदाराने तिला बसायला सांगितलं आणि विचारलं, की बाई, तुमचा नवरा बाजारात नेमकं काय शोधत असतो?

“मलेच आजवर समजलं नाही, साहेब,” अंजनी म्हणाली. “चाकू आणाले जाते अन् कंदील आणते. घरी एका पायाची खडाव आहे. विचारा या अंबादासभाऊंना.”

अंबादासने खडावेची साक्ष दिली.

“अन् आजचं नाही हे,” अंजनीचा आवाज चढला. जन्मभराचं साठलेलं होतं. “मले पाहाले आले तवा माझ्याकडं पाहिलं नाही. गाय दूध किती देते, गाय खाते काय, गाय कितव्या वेताची. मी पोहे घेऊन उभी, अन् हा माणूस गाईचे दात मोजून राहिला.”

ठाणेदाराने शालिग्रामकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, की गाईची एवढी चौकशी कशासाठी?

शालिग्रामने भूरेलालकडे पाहिलं. मग अंजनीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने चाकूवर पाणी सोडलं.

“साहेब, जे पाहिजे असते त्याच्याकडं पाहू नये. भाव चढते. शेजारचं विचारावं. मले फक्त तो शिंगाच्या मुठीचा चाकू पाहिजे होता.”

अंजनी त्याच्याकडे बघतच राहिली. “म्हणजे गाय?”

“गाय कोणाले पाहिजे होती?” शालिग्राम म्हणाला.

अंजनी मटकन बाकावर बसली. ठाणेदाराने तोंडासमोर कागद धरला, पण त्याचे खांदे हलत होते. त्याने पास, भिंग आणि चाकू परत दिले आणि शालिग्रामला बजावलं, की लढाई संपेपर्यंत जे हवं तेच मागायचं.

पुढचे काही दिवस अंजनी भाकरी थापता थापता मध्येच थांबे आणि भिंतीकडे बघे. गाईचा टोमणा बंद झाला होता. शालिग्रामला जीव वाचल्याचं समाधान होतं, पण चाकूचं नाव काढवत नव्हतं.

पुढल्या रविवारी अंजनी एकटीच बाहेर गेली आणि दुपारी परतली. तिने पदराची गाठ सोडली आणि शिंगाच्या मुठीचा चाकू जमिनीवर ठेवला. चाकू हातात देऊ नये, भांडण होतं.

शालिग्रामने विचारलं, “किती घातले?”

“बारा आणे. मी सरळच विचारलं, भैया, चाकू कितने का?” अंजनी म्हणाली. “तो हसला. म्हणे, बहनजी, मैं हफ्ता भर सोचा। जो आदमी अपनी चीज का नाम नहीं लेता, उसने थाने में चाकू का नाम लिया। मतलब चाकू तो उसे चाहिए ही नहीं। दुर्बीण मांडीखाली दाबून बसला होता. म्हणे, इसके पचास लूँगा। अन् चाकू बारा आण्यात देऊन टाकला.”

शालिग्राम थक्क झाला. इतक्या वर्षांत इतका सुंदर सौदा त्याच्याने झाला नव्हता. त्याने चाकू उचलला नाही. मान वर केली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच अंजनीच्या तोंडाकडे सरळ, टक लावून पाहिलं.

अंजनीने घाबरून पदर सावरला.

“असं काहून पाहून राहिले?” ती म्हणाली. “आता मी नको झाली काय?”