दुनळीचा मानकरी

प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आत जो माणूस काहीतरी निमित्त काढून गॅलरीत जातो, त्याने बंदुकीवर बोलावं का? तुम्हीच सांगा. बोलू नये. पण कर्नल बोलायचे. बोलायचे म्हणजे काय, दुसऱ्याला बोलूच द्यायचे नाहीत.

(कर्नल हे नाव ऑफिसने ठेवलेलं. प्रत्यक्षात ते आवक-जावक विभागात कारकून होते, आणि त्यांनी आयुष्यात चालवलेलं सगळ्यात घातक हत्यार म्हणजे कागदाला भोकं पाडायचं मशीन.)

चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये त्यांची सभा भरायची. "सभ्य माणसाच्या घरी बंदूक हवीच! तो त्याचा हक्क आहे. चोर काय आधी अर्ज करून येतो?" मग दुनळीचा धक्का किती, छर्रे किती फुटांवर किती पसरतात, पिस्तूल बरं की रायफल बरी, असा सगळा तोफखाना सुटायचा. ही विद्या अर्थातच मोबाईलवरून मिळवलेली.

"कर्नल," एकदा कॅशियर बाई म्हणाल्या, "आपल्या ऑफिसात महिन्याला दोन माणसं स्टेपलरनं बोट टोचून घेतात. त्यांच्या हातात बंदूक द्यायची?"

"प्रशिक्षण, बाई, प्रशिक्षण!" कर्नल म्हणाले, आणि त्याच भरात त्यांनी कप बशीबाहेर ठेवला.

तर अशा या कर्नलांना एका रविवारी दुपारी गप्प बसायची सुवर्णसंधी चालून आली होती. सासऱ्यांकडे सगळे जेवून सुस्तावले होते. सासऱ्यांची मोठी फळबाग, आणि बागेतल्या घराच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात एक दुनळी बंदूक. तीस वर्षांपूर्वी रानडुकरांच्या त्रासापायी घेतलेली. तिच्या भीतीने डुकरं गेली की नाही ठाऊक नाही, पण पाहुणे आवाज खाली ठेवून बोलत. सासरे म्हणाले, "आता वय झालं. बंदूक कुणाच्या तरी नावावर करायला हवी."

इथे कर्नलांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायला हवं होतं. त्याऐवजी ते म्हणाले, "मामा, सोपवताना माणूस जाणकार बघा म्हणजे झालं."

समोर थोरला जावई बसला होता. हा गडी एका क्रीडासंकुलात नेमबाजी शिकवायचा. बोलायला अबोल, पण नेम असा की विचारू नका. अकरा वर्षं त्या घरात थोरल्याला पाटावर आणि कर्नलांना चटईवर, असा प्रकार. सगळ्यांच्या माना थोरल्याकडे वळल्या. सासऱ्यांनी मात्र बराच वेळ कर्नलांकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर बोललात. बंदूक तुम्हाला."

कर्नलांच्या छातीचं बटण तुटायचंच बाकी होतं. अकरा वर्षांनी का होईना, माणसाची पारख झाली! त्या आनंदाच्या भरात त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. "तुमच्या पंचाहत्तरीला सगळ्या नातेवाइकांसमोर मी एक बार काढणार!"

"बार कशाला उगाच?" सासरे म्हणाले.

"छे छे! बाराशिवाय सोपवणी कसली?"

लायसन्ससाठी एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. तिथे कर्नलांनी डोळे गच्च मिटून दोन गोळ्या झाडल्या. नेमाच्या फळीला ओरखडासुद्धा उठला नाही. खांदा मात्र आठवडाभर निळा होता आणि कानात दोन दिवस कुणीतरी सनई वाजवत होतं. बायकोला त्यांनी सांगितलं की बसमधून उतरताना खांब लागला. प्रशिक्षकाने प्रमाणपत्र दिलं आणि पुन्हा येऊ नका म्हणून बजावलं.

पंचाहत्तरी आठ दिवसांवर आली आणि कर्नलांच्या तोंडचं पाणी पळालं. साठ माणसं जमणार. त्यात थोरला. डोळे मिटले, नेम चुकला, की अकरा वर्षांनी मिळालेली अब्रू एका क्षणात मातीत! शेवटी नावावर झालेली ती दुनळी खोळीत घालून ते सासऱ्यांच्या गावातल्या म्हाताऱ्या बंदूक-मिस्त्रीकडे गेले आणि हळू आवाजात विचारलं, "हिचा धक्का जरा कमी करता येईल का हो?"

मिस्त्रीने बंदूक उघडून आत पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. "धक्का कसला, साहेब? ही तीस वर्षांत शिंकलीसुद्धा नाही."

"म्हणजे?"

"चाप ओढला की आतली पिन काडतुसाच्या बुडाला टोचते, तेव्हा बार होतो. हिच्या दोन्ही पिना नाहीत. मीच काढल्यात."

"कुणी सांगितलं काढायला?"

"तुमच्या सासूबाईंनी! बंदूक घरात आली त्याच आठवड्यात. म्हणाल्या, यांचा राग नाकाच्या शेंड्यावर, घरात दोन लहान मुली. चोर येईल तेव्हा येईल, बंदूक तर आजच आलीये. पिना डबीत घालून घेऊन गेल्या. मालकांना पत्ता लागू द्यायचा नाही म्हणून वचन घेतलं."

कर्नल मटकन स्टुलावर बसले. तीस वर्षं! ज्या बंदुकीसमोर अख्खं खानदान दबकून वागलं, ती नुसती लोखंडी काठी? त्यांचा चेहरा असा पडला की मिस्त्रीने न विचारता पाणी आणून दिलं. "वाईट वाटून घेऊ नका. नव्या पिना बसवून देऊ का?"

तेव्हा कुठे कर्नलांच्या डोक्यात उजेड पडला. पिना नाहीत म्हणजे बार नाही. बार नाही म्हणजे धक्का नाही, आवाज नाही, अब्रूला धोका नाही! चाप ओढायचा, टक् झालं की कपाळाला आठ्या घालून म्हणायचं, काडतूस सर्दावलंय. वर काडतुसं कशी ठेवावीत यावर पाच मिनिटं भाषण.

"नको नको!" ते म्हणाले. "सासूबाईंचा शब्द मोडणारा मी कोण?" आणि बंदूक पंचाहत्तरीपर्यंत पुन्हा सासऱ्यांच्या कपाटात ठेवून घरी येताना त्यांनी चक्क शीळ घातली.

पंचाहत्तरीच्या दिवशी कर्नलांच्या अंगात वारं शिरलं होतं. बागेत खुर्च्या मांडलेल्या, चाळीस पावलांवर झाडाला जुनी बादली टांगलेली. कर्नलांनी ऐटीत दोन काडतुसं भरली आणि बंदूक खांद्यावर टाकून दोन फेऱ्या मारल्या.

थोरल्याला ते बघवेना. तो पुढे आला. "जरा बघू का? एकदा तपासून देतो."

"लायसन्स माझ्या नावावर आहे," कर्नल म्हणाले. "कायद्याने दुसऱ्याच्या हातात देता येत नाही."

"मग निदान दस्ता खांद्याला घट्ट लावा."

"आमची पद्धत वेगळी आहे."

"अहो, नीट धरा ना," बायको कळवळून म्हणाली. "आणि बादलीकडे बघा, आमच्याकडे काय बघताय?"

"बादली?" कर्नल हसले. "बादली काय, शेंबडं पोरसुद्धा फोडेल. ती टाकी दिसते का?" बागेला पाणी देणारी प्लॅस्टिकची भलीमोठी टाकी उंच लोखंडी चौथऱ्यावर उभी होती. "चला, टाकीच उडवतो!" लोक हसले, टाळ्या पडल्या. कर्नलांनी बंदूक कमरेशी धरली, नळ्या टाकीकडे केल्या, बायकोला डोळा मारला आणि दोन्ही चाप एकदम ओढले.

धडाडधूम!

पुढचं कर्नलांना नीट आठवत नाही. ते पाणी जायच्या पाटात उताणे पडले होते, एक चप्पल पायात, दुसरी कुठे होती ते देवाला ठाऊक. बागेतले झाडून सगळे पक्षी आकाशात. टाकीच्या पोटातून पाण्याच्या वीस-पंचवीस धारा सुटून जेवणाच्या टेबलांवर पडत होत्या आणि ठेवणीतले कपडे घातलेले साठ पाहुणे भिजत, आ वासून, जागच्या जागी खिळले होते. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. थोरल्याने धावत येऊन आधी बंदूक उचलली, ती मोकळी केली, मग कर्नलांना उठवलं.

"वा!" सासूबाई तेवढ्या टाळ्या वाजवत होत्या. "जावईबापू, म्हटलं तसं करून दाखवलंत हो! टाकीचं काय, टाकी दुसरी येईल."

"मामी," कर्नलांची बोबडी वळली होती, "प... पिना?"

सासूबाई त्यांच्या कानाशी आल्या. "काल मिस्त्रींकडून बसवून घेतल्या. त्यांचा फोन आला होता ना, जावयांना कळलं म्हणून. तोंड एवढंसं झालं होतं म्हणे तुमचं. म्हटलं, चार माणसांत तुमचं नाक कापलं जायला नको. तुम्ही एवढे बंदुकीतले!" (साऱ्या खानदानात कर्नलांच्या बोलण्यावर मनापासून विश्वास ठेवणारी ही एकच बाई, आणि तिनेच त्यांना जमिनीवर आणलं.)

इतक्यात टेबलाखालून सासरे रांगत बाहेर आले. चष्मा वाकडा, चेहरा पांढराफटक. "वाजली कशी?" ते ओरडले. "ती वाजलीच कशी? तिला पिना नाहीत!"

सासूबाईंचे टाळीचे हात हवेतच राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच महिन्यात कळलं! डुकरावर नेम धरला, चाप ओढला, नुसतं टक् झालं. डुक्कर माझ्याकडे बघतंय, मी डुकराकडे बघतोय!"

"मग तीस वर्षं बोलला का नाहीत?"

सासरे ओल्या खुर्चीवर बसले. "काय बोलणार? ती घरात आल्यापासून माझी झोप उडाली होती. पोरींच्या हाती लागली तर, माझंच डोकं फिरलं तर... नुसतं टक् झालं त्या दिवसापासून शांत झोप लागायला लागली. आजही 'काडतूस सर्दावलंय' म्हणायचं, अशी तयारी करून उभा होतो मी!"

सासूबाईंनी पदराने नवऱ्याचं कपाळ पुसलं. तीस वर्षं दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली, याचं हसावं की रडावं हे त्यांना कळेना. कर्नलांनाही भरून आलं. चिखल झटकत ते पुढे झाले, सासऱ्यांचा हात हाती घेतला आणि म्हणाले, "मामा, झालं ते झालं. पण थोरल्याला बाजूला ठेवून तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात, हे मी जन्मभर विसरणार नाही."

"त्याला कशी देणार?" सासरे म्हणाले. "त्याने उघडल्याबरोबर ओळखलं असतं. म्हणून तर घरात शोधून असा एकच माणूस काढला, ज्याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही."