सोपान पेंटरच्या टिकल्या

आमच्या आष्टीत दर बाजाराला माझ्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं नेणारा एकच बाप्या आहे, सोपान पेंटर. माझं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आणि त्याचं दुकान एका भिंतीला भिंत लावून आहे. बायको वारल्यावर पहिल्यांदा तो लाल, हिरव्या, पिवळ्या टिकल्या मागायला आला, तेव्हा गिऱ्हाईक बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मी सरळ विचारलं, कुणासाठी?

"कॉम्प्युटरसाठी," तो म्हणाला. बायका आणखीच हसल्या.

पण ते खरं होतं. त्याच्या कॉम्प्युटरची काच हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसते. चित्र काढायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये कडेनं बारीक बारीक खुणा असतात, मुंग्यांची रांग लागावी तशा. त्यातला ब्रश सापडावा म्हणून लाल टिकली, रंग भरायला हिरवी, खोडायला पिवळी. कडेच्या बाकीच्या खुणांना त्यानं हातच लावला नाही.

सगळी हयात त्यानं दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शाळेच्या भिंती रंगवल्या. मग हात थरथरायला लागला. कॉम्प्युटरवर हात हलला तरी रेघ सरळ येते असं कळलं, तेव्हा त्यानं जुना कॉम्प्युटर घेतला आणि गावाला सांगितलं, जमाना बदलला. त्याच्या हातातला चहा बशीत सांडताना मी रोजच बघत होते.

भिंतीपलीकडून त्याचं एक वाक्य दिवसभर ऐकू येतं. "ज्यानं हे बनवलं, त्यानं कधी पाटी रंगवली नसंल." मला तो समजावून सांगायचा, "अक्का, तुमचा मिसळणाचा डबा बघा. फोडणी देताना हळद हुडकता का? हात आपोआप जातो. ब्रश असा पाहिजे. हितं आधी ब्रश हुडका, मंग त्याची जाडी हुडका, मंग रंग हुडका. तवर काय काढायचं तेच इसरून जातंय."

परतूरच्या फ्लेक्सच्या दुकानातली शबाना त्याला हे सगळं शिकवायला यायची. तिला हे पटायचं नाही. "चाचा, तुमचा डबा सात वाट्यांचा. हे अख्खं किराणा दुकान हाय. हुडकावं लागणारच," असं ती म्हणायची. मी म्हणाले, किराणा दुकानात दुकानदार वस्तू काढून हातात देतो, गिऱ्हाइकाला आत पोत्यांवर चढायला लावत नाही. मी चौथी शिकलेली, पण दुकान मला कळतं.

त्या सॉफ्टवेअरमधली एकच खूण त्याला आवडायची, वरच्या बाजूचा उलटा बाण. तो दाबला की शेवटची चूक पुसली जाते. "हे एकच बटण शहाण्या माणसानं बनवलं," तो म्हणायचा. त्याच्यावर मरून रंगाची टिकली होती. ती विकत घेतलेली नव्हती, कमलच्या उरलेल्या पाकिटातली होती.

कमल म्हणजे त्याची बायको. तिनं आयुष्यभर माझ्याकडून मरूनच नेली. आरशात न बघता, चालता चालता लावायची, म्हणून टिकली कायम जरा डावीकडं. मी टोकलं की म्हणायची, "त्याला चालती, तुझं काय जातं?"

तिच्या वर्षश्राद्धाला दारात तिचं चित्र लावायचं असं पेंटरनं ठरवलं. धड फोटो एकही नव्हता. एका लग्नातला होता, त्यात ती पंगतीत वाढताना खाली बघत होती. म्हणून त्यानं आठवणीतून कॉम्प्युटरवर काढायला घेतली. चेहरा खऱ्याएवढाच पाहिजे, हा हट्ट. डोळे झाले, नथ झाली, पदर झाला. कुंकू शेवटी काढणार होता, कारण तीही घरातून निघताना शेवटीच लावायची.

अशात एका सकाळी त्यानं हाक मारली, "अक्का, कुणीतरी माझा डबा उलथापालथा करून गेलं." सॉफ्टवेअर आपलं आपण नवं झालं होतं. वरच्या खुणा बाजूला गेल्या, चित्र वरपर्यंत पसरलं. दोन दिवस तो टिकल्या उपटून नव्या जागी लावत बसला. उलटा बाण काही सापडला नाही, म्हणून मरून टिकली तिथंच राहिली.

मग चित्र झालं म्हणून त्यानं मला बघायला बोलावलं. समोर अगदी कमल होती. "कुंकू कधी काढलं ते ध्यानातच न्हाई," तो म्हणाला. मी म्हणाले, डावीकडं काढलंत, बराबर काढलंत.

वर्षश्राद्धाच्या सकाळी परतूरहून फ्लेक्स आला. मंडपात पाहुण्यांसमोर उलगडला, तर कपाळ मोकळं. सवाष्ण गेलेली बाई आणि कपाळ मोकळं. कमलच्या नणंदेनं तोंडाला पदर लावला. पेंटर चिडून म्हणाला, त्या शबाना पोरीनं छापताना कुंकू खाल्लं, दाखवतोच तुम्हाला. मला घेऊन दुकानात गेला, कॉम्प्युटर चालू केला. कुंकू जागच्या जागी होतं.

"बघा," म्हणाला आणि रागानं बटण बंद केलं.

काच काळी झाली. कमल गेली, कुंकू राहिलं.

त्याचं नेहमीचं वाक्य यावं म्हणून मी वाट बघितली. ते आलं नाही. त्यानं नखानं काचेवरची ती मरून टिकली हळूच सोडवली. मी म्हणाले, नवं पाकीट देते. मान हलवून नको म्हणाला. मंडपात येऊन फ्लेक्ससमोर उभा राहिला. हात फार थरथरत होता. मी धरला नाही. त्यानं टिकली लावली आणि अंगठ्यानं दाबून धरली.

"अक्का, सरळ लागली का?"

"न्हाई. डावीकडं गेली."

"मंग बराबर," तो म्हणाला आणि पंगतीत वाढायला गेला.