तीन समांतर रेषा आणि एक पिन

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर आहे. त्यामुळे माझ्या डोळ्यांदेखत मला कोणी फसवू शकत नाही, असं मी दीड महिन्यापूर्वी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं. असतं कशाला, सांगतच होते! भाजीवाल्याचा काटा, बसचं वेळापत्रक, आईचं "दोनच मिनिटांत आले" या सगळ्यांना मी घड्याळ आणि वही घेऊन पकडलेलं आहे. (आईची दोन मिनिटं म्हणजे सरासरी अकरा मिनिटं चाळीस सेकंद. एकूण वीस नोंदी.)

अशा मुलीला नोकरी कुठे मिळणार? वस्तू तपासून त्यांच्याबद्दल खरं-खोटं छापणाऱ्या एका मासिकात मिळाली. मिक्सर किती वेळात तापतो, कुलूप किती फटक्यांत तुटतं, ते आम्ही बघतो. आमच्या संपादिकाबाई पूर्वी रसायनशास्त्र शिकवायच्या. अजूनही समोरच्या माणसाकडे त्या परीक्षानळीकडे बघावं तसं बघतात. रंग बदलतोय का?

"उमेदवारीचे सहा महिने संपत आले तुझे," एक दिवस त्या म्हणाल्या. "घरच्या घरी ताकद वाढवायचं एक यंत्र आलंय. सहा आठवडे घरी ने, साध्या माणसांवर वापरून बघ, लिही. छापण्याजोगं निघालं तर तू कायम. नाही निघालं तर..."

माझा रंग बदललाच होता.

यंत्र आलं. दरवाज्याएवढा उंच लोखंडी सांगाडा, त्याला बसायला पाट, पाठीमागे एकावर एक रचलेल्या दहा वजनपट्ट्या. प्रत्येक पट्टी पाच किलोची. हव्या त्या पट्टीच्या भोकात पिन खोचायची, यंत्राकडे पाठ करून बसायचं आणि मुठी पुढे ढकलायच्या. पिन पट्ट्यांमधून जाणाऱ्या उभ्या दांड्यात अडकते आणि त्या पट्टीसकट वरच्या सगळ्या पट्ट्या तारेने उचलल्या जातात. सगळ्यात वरची पट्टी तारेला कायमचीच जोडलेली, म्हणजे पाच किलो तर कोणालाही चुकत नाहीत.

आणि साधी माणसं? ती घरात तयारच होती! बाबा एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, टर्नर आहेत. आई ग्रंथालयात पुस्तकं देते. आणि आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, पस्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती. निवृत्त झाली, पण आवाज अजून वॉर्डातलाच आहे.

आकडा दिसला की माणसाचं मन आधी थकतं आणि हात नंतर, असं मी वाचलं होतं. म्हणून मी पट्ट्यांवरचे आकडे झाकून त्यांवर अक्षरं चिकटवली : क, ख, ग, घ, ङ आणि च, छ, ज, झ, ञ. शिवाय पट्ट्यांसमोर पुठ्ठ्याचा भलामोठा पडदा लावला. मी पुठ्ठा उचलायचा, पिन खोचायची, पुठ्ठा सोडायचा आणि समोर बसून मोजायचं. नियम असा की रविवारी जो सलग पंधरा वेळा ढकलेल, तो पुढच्या अक्षरावर जाईल.

"हे ङ कसं म्हणायचं गं?" आईने पहिल्याच दिवशी विचारलं.

"म्हणू नकोस. ढकल फक्त."

पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. पहिल्या दिवशी ज्याला जे अक्षर झेपलं तिथून सुरुवात केली, तर आत्या 'घ'वरच अडकली. आई 'ग'वर अडकली. आणि रोज लोखंडात हात घालणारे बाबा 'ख'वर!

"बारक्या!" आत्या जेवताना म्हणाली. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, पण आत्याच्या लेखी बारक्याच. "अरे, बायको तुझ्यापुढे एक अक्षर! मी दोन! बाराखडी तरी पूर्ण करशील का या जन्मी?"

"मशीन माझ्या खांद्याला जुळत नाही, ताई."

"खांद्याला की मनाला?"

"आपसात भांडू नका," मी कळवळून म्हणाले. "इकडे माझा आलेख बघा! तीन आडव्या रेषा! आणखी चार आठवडे अशाच आडव्या राहिल्या तर मीसुद्धा घरीच आडवी. नोकरीच उरणार नाही!"

बाबा भात कालवत राहिले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण त्यांचं जेवण झालेलं होतं आणि ते रिकामं ताट कालवत होते.

तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. आत्या 'ङ'वर, आई 'घ'वर, बाबा 'ग'वर! चौथ्या आठवड्यात तिघंही आणखी एकेक अक्षर पुढे. पाचव्यात पुन्हा. आलेखावर तीन रेषा वर निघाल्या, सरळ आणि एकमेकींना समांतर. मी तो आलेख उशाशी घेऊन झोपू लागले. पट्ट्यांचा आवाजही कमी झाला होता. त्याची मी वहीत नोंद केली : 'वंगणाचा परिणाम उत्तम.'

आता घरातली माणसं बदलली! आई ग्रंथालयात कोशाचे खंड एका हातात तीन-तीन घेऊन फिरू लागली. आत्या शेजाऱ्यांच्या घट्ट झाकणांच्या बरण्या गोळा करून उघडून देऊ लागली. एकदा कोणीतरी "कशा आहात?" म्हणून विचारलं, तर "मी छ आहे!" असं ताठ मानेने सांगून ती पुढे गेली. बाबा मात्र अजून दोन अक्षरं मागेच होते आणि का कोण जाणे, आत्याकडे बघून दात-ओठ खात होते.

सहाव्या आठवड्यात आत्या 'ज'वर, आई 'छ'वर आणि बाबा 'च'वर पोहोचले. मी आलेख संपादिकाबाईंसमोर ठेवला. त्यांनी तो आधी सरळ बघितला, मग उलटा बघितला.

"फारच छान आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी अकरा वाजता येते. फोटो काढू, मुखपृष्ठावर टाकू. बघू तरी या माणसांना."

मी तरंगतच घरी आले.

शनिवारी अकराला दहा कमी असताना मी बाईंना घ्यायला खाली रस्त्यावर गेले. त्याच वेळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींचा नवा फ्रिज आला होता. तो आणणाऱ्या दोघांनी तो पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या जिन्याच्या चौकात टेकवला आणि पट्टा आणायला ते टेम्पोकडे गेले. मी त्याच्या बाजूनेच उतरले. फ्रिज शहाण्यासारखा कोपऱ्यात उभा होता.

पाच मिनिटांनी बाईंना घेऊन वर आले, तर जिना संपलेला! म्हणजे पायऱ्या होत्या, पण त्यांच्यावर भिंतीपासून कठड्यापर्यंत फ्रिजच होता. चार पायऱ्या चढून तो तिरका होऊन असा रुतला होता, जणू इमारत त्याच्याभोवतीच बांधली आहे. पलीकडून आवाज येत होते.

"ओढ, बारक्या, ओढ! सोडलास तर खाली जाईल!"

"ओढतोय, ताई!"

"अहो, जरा माझ्या बाजूला," हा आईचा आवाज. "मी सांगत होते ना, आधी त्या माणसांना येऊ द्या!"

"कशाला यायला हवीत ती? आज पाहुण्या येणार, त्यांना जिना मोकळा नको? ज, छ आणि च! तिघं मिळून एक फ्रिज हलणार नाही होय?"

मी घसा खाकरला.

"जिना बंद आहे!" आई ओरडली. "दहा मिनिटांनी या!"

"आई, अगं..." मी सुरुवात केली, पण बाईंनी बोट वर केलं. शिक्षिकेचं बोट! मी गप्प झाले. बाईंनी मान तिरकी करून कान फ्रिजला लावला, जणू आत काहीतरी उकळत होतं.

"बारक्या, तुझ्या बाजूनेच अडलंय. च आहेस ना तू? लाव की जोर!"

"ताई, मी च नाही."

"मग काय आहेस?"

नुसता दम लागल्याचा आवाज.

"मी क आहे," बाबा म्हणाले.

"काय?"

"मी क आहे! तूसुद्धा क आहेस! आपण सगळेच क आहोत! तिसऱ्या आठवड्यापासून!"

"अहो, तुम्हाला चक्कर येतेय का?"

"पिन कापलीय मी! लेथवर! पाऊण इंच! ती बाहेरून बसल्यासारखी दिसते, पण आत दांड्यापर्यंत पोहोचतच नाही. कुठेही खोचा, वरची एकच पट्टी उचलली जाते!"

बाईंनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "क म्हणजे किती?"

"पाच किलो," मी म्हणाले. माझा रंग या वेळी कोणता झाला होता ते मला माहीत नाही.

"म्हणजे," फ्रिजपलीकडे आत्याचा आवाज चढत होता, "चार आठवडे मी जगभर सांगत फिरतेय आणि ढकलतेय काय, तर पाच किलो?"

"पोरीची नोकरी चालली होती, ताई! रेषा वर जात नव्हत्या!"

"पोरीचं नाव पुढे करू नकोस! तुला माझ्यापुढे जायचं होतं!"

"थोडं तेही होतं," बाबा कबूल झाले. "पण पोरीसमोर माझ्या पाळीपुरती पिन बदलायची कशी? मग तीच ठेवावी लागली. मी एक अक्षर पुढे गेलो की तूही एक पुढे! चार आठवडे लबाडी करून मी शेवटचाच राहिलो!"

"माझं घ मात्र खरं होतं! ते पिन कापायच्या आधीचं आहे!"

"तरीच म्हटलं," आई म्हणाली, "हात कसे दुखत नाहीत."

"मग बोलली का नाहीस, वहिनी?"

"वजन हलकं लागतंय म्हणून तक्रार कोण करतं?"

इतक्यात फ्रिज आणणारे दोघे पट्टा घेऊन आले. दोघांपैकी मोठा म्हणावा तोसुद्धा आमच्या झाडूएवढा बारीक. त्याने फ्रिजकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं.

"कोणी हलवला हा?"

पलीकडे एकदम शांतता. तिकडे कोणी राहतच नाही अशी!

"सोडा हो, कोण धरून उभं आहे ते. अडकलाय तो, पडणार कुठे?" तो म्हणाला. मग दोघांनी पट्टा घातला, फ्रिज थोडा खाली घेतला, उभा केला, चौकात फिरवला आणि वर निघून गेले. तीन मिनिटं वीस सेकंद. घड्याळ मी सवयीने लावलं होतं.

फ्रिज बाजूला होताच पायऱ्यांवर घामाघूम झालेली तीन माणसं दिसली आणि त्यांना आम्ही दिसलो.

"या ना, या," आई म्हणाली. "दोनच मिनिटांत चहा टाकते."

घरात आल्यावर बाबांनी मान खाली घालून पिन बाईंच्या हातावर ठेवली. बाईंनी ती खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिली. तेवढ्यातही बाबांना राहवलं नाही. "टोक बघा, बाई. घासलेलं कळतसुद्धा नाही!"

मी मात्र उभीच होते. तारेची जाडी मी मोजली होती, कप्पीचा व्यास मोजला होता, पाटाची उंची तीन ठिकाणी मोजली होती. पिनेची लांबी? ती फक्त मोजायची राहिली होती. आणि पट्ट्यांसमोर पुठ्ठा लावला होता तो बाबांनी नाही, मी!

"बाई," मी म्हणाले, "चाचणी बाद आहे. छापू नका. सोमवारी मी राजीनामा आणते."

"बारक्या, बोल काहीतरी!" आत्या बाबांना कोपराने ढोसत पुटपुटली. ढोसण्यात ताकद होती. ते घ खरंच असणार.

"मला एक सांग," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "खरी माणसं कधी अशी समांतर वाढतात का? कोणाला एक दिवस सर्दी होते, कोणाला कंटाळा येतो. आलेख इतका सरळ आला, तेव्हा तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना," मी म्हणाले. "वाटलं की माझी मोजणी फार चांगली आहे."

बाई पहिल्यांदाच हसल्या. इतक्या, की चहा घेऊन अकराव्या मिनिटाला आलेली आई दारातच थबकली.

"रेषा आडव्या असत्या तरी मी छापल्या असत्या, वेडे. वर जायलाच हव्यात असं कोणी सांगितलं तुला?" मग त्यांनी पिन यंत्रात खोचली, मूठ ढकलली, पुन्हा खोचली. "आणि तू बाद म्हणतेस, त्यात केवढी मोठी गोष्ट सापडलीय! पिन आत पोहोचली की नाही हे कळायची या यंत्रात काही सोयच नाही. खटका नाही, खूण नाही. चार आठवडे, तीन माणसं, त्यातली एक लेथवाल्याची पदवीधर मुलगी, आणि पत्ता नाही! उद्या एखाद्याच्या घरी पिन अर्धवट बसली आणि मध्येच निसटली तर? हे लिही. जसं घडलं तसं. फ्रिजसकट."

मी लिहिलं. छापून आलं. मुखपृष्ठावर कोणाचे दंड नव्हते, बाबांच्या तळहातावर ठेवलेली ती पिन होती. बाबांनी अंकाच्या सहा प्रती कारखान्यात वाटल्या. आत्याने त्यातला 'पहिल्या दोन आठवड्यांची आकडेवारी मात्र विश्वासार्ह आहे' एवढाच परिच्छेद कापून पाकिटात ठेवला आहे.

आणि मला कायम केल्याचं पत्रही आलं! मी ते उभ्या उभ्या चार वेळा वाचलं. चौथ्यांदा खालची ओळ नीट दिसली. 'विभाग : गाद्या व उशा.' त्याखाली बाईंच्या अक्षरात : 'तुझ्या घरच्या मंडळींना झेपेल असं काम.'

पहिली गादी परवा आली. मी ती बैठकीच्या खोलीत अंथरली आणि वही उघडली. न बोलावता तिघंही वेळेआधी हजर! दुपारी दोन वाजता चाचणी सुरू झाली. बाबा चार मिनिटांत झोपले, आई सहा मिनिटांत. आत्या म्हणते की ती झोपली नव्हती, नुसते डोळे मिटले होते. तिच्या घोरण्याची नोंद मी वेगळ्या रकान्यात केली आहे.

दोन वाजून दहा मिनिटांपर्यंतच्या सगळ्या नोंदी अचूक आहेत. त्यानंतरची नोंद एकदम चार पस्तीसची आहे. मधल्या वेळात त्या गादीवर काय घडलं ते मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा तिच्यावर मीही होते.