आप्पांची पिवळी

लोक देवळात शिरताना चप्पल काढतात. आमचे शेजारी भिकनआप्पा गॅलरीतल्या एका तेलाच्या डब्याजवळ जाताना काढायचे.

पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. आम्ही सुरतेत भेस्तानला राहायचो. आख्खी चाळ खानदेशी, पुरुष सगळे कापडाच्या लूमवर. आप्पा पाळी संपवून आले की अंगावरचे सुताचे धागे झटकायचे, हातपाय धुवायचे आणि त्या डब्यापुढे उकिडवे बसायचे. डब्यात काय, तर वीतभर रोप! कुणी नाक मुरडलं की आप्पा थेट अहिराणीत कडाडायचे, "हाई गवत नही शे! आमना डोंगरनी पिवळी शे!"

पुढचं प्रवचन ठरलेलं. झेंडू, शेवंती, सूर्यफूल हे सगळे हिचेच भाऊबंद. ते शहरात येऊन सुधारले, ही बिचारी गावच्या डोंगरावर गवतातच राहिली. आता तिथं खडी फोडतात. म्हणून आप्पांनी शेवटचं रोप मांडीवर घेऊन सुरतेला आणलेलं. "बी धरलं तर वंश राहील," म्हणायचे.

त्या श्रावणात पिवळीला पहिलं फूल आलं. आणि कानबाई, म्हणजे आमची खानदेशी देवी, घरी बसते त्या दिवशी माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे! पूजेची घाई, फुलं कमी पडलेली. मी ते खुडलं आणि देवीला वाहून मोकळी झाले.

आरतीला आप्पा आले. फूल बघून मटकन खालीच बसले. ओरडले असते तर बरं! प्रसादही न घेता उठून गेले. तेव्हा कुठं मला उमगलं, बी त्या फुलातच धरणार होतं.

दुसऱ्या दिवशी विसर्जन उरकून मी डब्याशी गेले, पान न् पान उलटून पाहिलं. तळाशी देठाला चिकटून मुगाएवढी कळी! बाई गं, असा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू!

"आप्पा, अजून एक आहे हो!"

"सकाळीच पाहिली मी."

"मग सांगायचं नाही? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा!"

आप्पा डब्यातली माती सारखी करू लागले. "मी चिडलो नव्हतो, माय. आमची मंडळी दर साली कानबाईला हेच फूल वाहायची. ती गेल्यावर कुणी वाहिलंच नाही. काल एकदम समोर दिसलं ना."

मला रडूच आलं.

ती कळी फुलली, वाळली, तिनं बी धरलं. आप्पांनी निम्म्या बिया कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवल्या.

"तुझ्याकडं पण लाव. आणि पुढच्या कानबाईला खुडशील, तेव्हा मला विचारत बसू नको."