पहिल्या उठणाऱ्याच्या नावावर

ऑफिसातल्या सामायिक कॉम्प्युटरने पुन्हा मान टाकली, तेव्हा साहेबांनी तिन्ही गटांना केबिनमध्ये बोलावलं. मेमरी कोण खातं हे कोणीच कबूल करेना. चित्रांचा प्रोग्रॅम सांभाळणारा चित्रवाला नकाशांचा सांभाळणाऱ्या नकाशेवाल्याकडे बोट दाखवत होता, नकाशेवाला चित्रवाल्याकडे आणि काकू दोघांकडेही.

काकू म्हणजे पुस्तकं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या बाई. चाळिशीही गाठली नव्हती, पण सगळ्यांना डबा संपवायला लावायच्या, म्हणून ऑफिसने त्यांना काकू करून टाकलं होतं.

"आपण किती मेमरी घेतो ते दिसतं," काकू म्हणाल्या. "पण आपण फाइल उघडली की मशीनचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्यासाठी पदरची मेमरी खर्च करतो. ती कोणाच्याच नावावर लागत नाही. मी ती ज्याच्या त्याच्या गटावर चढवते. चोर आपोआप सापडेल."

"चढवा," साहेब म्हणाले. "शुक्रवारी सकाळी ज्याचा आकडा सगळ्यात वर, त्याचा प्रोग्रॅम मशीनवरून बाहेर. नियम म्हणजे नियम."

काकूंनी मोठ्या हौसेने काम केलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या स्क्रीनवर आकडे झळकले. सगळ्यात वर काकूंचाच गट होता.

"चोर सापडला म्हणायचा," चित्रवाला म्हणाला.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. अंध मुलांची एक शाळा त्यांच्या प्रोग्रॅमवर अभ्यास करत होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. शाळेतल्या बाईंचा फोन आला, तेव्हा "सगळं ठीक आहे हो," एवढंच त्या कशाबशा बोलल्या. मग त्यांनी प्रोग्रॅमची काटछाट केली. आकडा हलेना. चूक शोधायला त्या लवकर येऊ लागल्या, तर आकडा आणखी फुगला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे दूध तापवलं, पाणी भरलं, मुलांना हलवून उठवलं, मांजरालाही वाढलं. मग नवरोबा डोळे चोळत चहाला आले.

"अहो, झोप लागते तरी कशी इतकी?"

"झोप कसली, जागाच असतो मी. पण जो आधी उठतो त्याच्याच बोकांडी सगळं बसतं. म्हणून पडून राहतो."

काकू भडकणार होत्या, पण हातातला कप तसाच राहिला. मशीन रोज पहाटे नव्याने सुरू व्हायचं. सामायिक फाइलींचा ढीग जो पहिला उघडेल, त्याच्या नावावर कर्नलचा अख्खा खर्च चढायचा. मागून येणारे त्याच फाइली फुकटात वापरायचे. आणि ऑफिसात सगळ्यांत आधी पोचायच्या काकूच; जितक्या लवकर, तितका जास्त ढीग त्यांच्या नावावर. या विचारात त्यांची बस चुकली.

त्या धापा टाकत पोचल्या, तर साहेब एकटेच स्क्रीनसमोर उभे होते. निकाल बघायला ते आज सगळ्यांच्या आधी आले होते आणि सहज म्हणून त्यांनी आपला अहवालाचा प्रोग्रॅम उघडला होता; तोही त्याच सामायिक फाइली वापरायचा. सगळ्यात वर साहेबांचं नाव होतं.

"काकू, तुमचं मोजमाप चुकलेलं दिसतंय."

"चुकलेलंच आहे, साहेब. जो पहिला येतो त्याच्या माथी सगळं जातं. मी ते वापरणाऱ्या सगळ्यांत वाटून दाखवते."

"मलाही तो नियम पहिल्यापासून पटत नव्हता," साहेब म्हणाले.

दुपारी वाटणी झाली आणि चोर कोणीच निघाला नाही. सगळे माफक खात होते. मशीनच लहान पडत होतं. साहेबांनी निमूटपणे जास्त मेमरीची मागणी लिहून दिली. काकूंनी शाळेत फोन लावला आणि या वेळी "सगळं ठीक आहे" हे मनापासून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंना नेहमीच्या वेळी जाग आली. शेजारी नवरोबा अगदी शिस्तीत घोरत होते. काकूंनी पुन्हा डोळे मिटले आणि त्यांच्याहून मोठ्याने घोरायला सुरुवात केली.

बराच वेळ दोघंही घोरत राहिले. मग पलंग करकरला आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला.