दोनशे तेरा शेजाऱ्यांचं टेबल

गोष्ट दोन हजार एकोणीसची. मी अडुसष्ट वर्षांची होते आणि घरच्या कॉम्प्युटरवर डेटाबेस सर्व्हर एकटीनं बसवणारी दुर्गजवळच्या वैशाली नगरातली पहिली आजी ठरणार होते. निदान मी तरी तसं ठरवलं होतं!

आमचे हे, मारोतराव, पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाल्यावर एकच काम करत बसले. सेक्टर ६ मधले प्लांटचे क्वार्टर सोडून जे गावोगाव पांगले, त्या दोनशे तेरा कुटुंबांची नोंद. एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, नावं, दुसऱ्यात फोन, आणि दोन्हींना जोडणारा अनुक्रमांक. हे गेले, कॉम्प्युटरही थकला. मुलगा धम्मपालनं जुन्यातल्या फायली भरून पुण्याहून नवा पाठवला.

"आई, त्याले हात नको लावू. दिवाळीच्या सुट्टीत येऊन मी बसवतो."

दिवाळीला पाच महिने होते! आणि परवाच निरोप आला होता, "ताराच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, शेवंताची लय आठवण काढून राहिली." शेवंता म्हणजे मी, आणि तारा म्हणजे भिंतीला भिंत लागून तीस वर्षांची माझी शेजारीण. भाजीची वाटी आमच्याकडून निघायची आणि कधी रिकामी परतायची नाही. तिचा तुमसरचा नंबर होता फक्त त्या टेबलात, आणि टेबल उघडायला सर्व्हर हवा.

मी सर्व्हर बसवला. चालू होईना. पुन्हा बसवला. होईना. तिसऱ्यांदा बसवला, तर तीन सर्व्हर एकाच दाराशी, राशनच्या लाइनीतल्या बायांसारखे भांडायला लागले!

शेजारचे भाऊराव धावत आले. चाळीस वर्षं ब्लास्ट फर्नेसवर काढलेला माणूस.

"सरका, वैनी. किती कचरा करून ठेवला! हाऊसकीपिंग पायजे, हाऊसकीपिंग!"

"भाऊजी, तुमाले यातलं कळते का?"

"मशीन ते मशीन! हे पाहा, लॉग लिहिलं आहे. लॉगबुक जुनं झालं का भंगारात!"

दोन सर्व्हर गेले, लॉगच्या फायली गेल्या. सर्व्हर सुरू झाला, मी टाळ्या वाजवल्या, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली. नावांचं टेबल खराब! टेबलाचा ताजा हिशेब त्या लॉगमध्येच होता.

धम्मपालला फोन केला. तो आधी हिंदीत ओरडला, मग मराठीत एकेक ओळ सांगत गेला. मी टाइप केल्या. टेबल दुरुस्त झालं. दोनशे बारा नावं वाचली, एक गेलं. आठ नंबरचं. आमचंच!

सातनंतर एकदम नऊ. बालवाडीचा हजेरीपट बावीस वर्षं भरलेली बाई मी, असं खिंडार कसं सहन करणार? आठच्या पुढचा प्रत्येक अनुक्रमांक एकानं कमी करून टाकला. टेबल कसं नीटनेटकं दिसायला लागलं!

मग घरच्या लँडलाइनवरून ताराचा नंबर फिरवला.

आणि कपाटात यांचा मोबाइल वाजला!

तो मी अजून चार्ज करते. रिचार्जही मारते. का, ते विचारू नका. वाजून वाजून तो थांबेपर्यंत मी तशीच उभी. मग फोनवर लहानूचा नंबर लावला. तो ताराच्या पलीकडचा शेजारी, त्याला तरी विचारावं.

"लहानूभाऊ?"

"कोण लहानू? अवं शेवंते! तू होय?"

तारा! नावं एकेक घर वर सरकली होती, फोन जागच्या जागी होते; ताराच्या नावासमोर आमचा नंबर, लहानूच्या नावासमोर ताराचा.

"सापडली एकदाची!" मी रडतच म्हणाले.

"हारपली कोण होती? महिना झाला, रोज फोन लावून राहिलो तुया मोबाइलवर. उचलत कावून नाही?"

अनोळखी नंबर उचलायचा नाही, ही धम्मपालची शिकवण. असे नंबर मी 'चोर' म्हणून सेव्ह करते. शोधलं, तर तारा 'चोर सात' होती.

भाऊराव नंतर मुलाकडे नागपूरला गेले. तिथे त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत प्रवेश नाही. धम्मपालनं दिवाळीत सगळं जागेवर लावलं आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवला. लहानू मागच्या वर्षी वारला. तारा आणि मी रोज चार वाजता बोलतो.

"कधी येतं?" ती विचारते.

"येतो न, पुढच्या महिन्यात."

दुर्गहून तुमसर गाडीनं तीन तास. गेल्या आठवड्यात मी बॅगसुद्धा भरली होती. मग चार वाजले, तिचा फोन आला, दीड तास बोललो, आणि गाडी गेली!