छाती चव्वेचाळीस

कोट काळा. छाती चव्वेचाळीस, आतून करडं अस्तर, बाह्या लांब.

चष्म्याचा नंबर एकदम चढवू नये. माणूस जिना उतरताना आडवा होतो.

उदास गाणं लावलं तर बेकरीत पाव खपतो, केक पडून राहतो.

उजव्या अंगठ्याला फोड.

‘या गायकाने निदान दोन जवळची माणसं गमावली असावीत,’ असं भूगोलाच्या मास्तरांचं मत पडलं.

एक पिवळा फ्रॉक.

हे सगळं शेवटी एकाच माणसाच्या गळ्यात येऊन पडलं. तो माणूस म्हणजे चष्मेवाला.

चष्मेवाल्याचं दुकान पुढे आणि घर मागे. घराच्या बाहेरच्या खोलीत त्याचा रेकॉर्ड प्लेअर होता आणि सुट्टीच्या सकाळी त्याच्याभोवती तीन माणसं बसत: तो स्वतः, बेकरीवाला आणि भूगोलाचे मास्तर. तिघांनाही रॉकचं वेड. केस पांढरे व्हायला लागल्यावर असलं वेड असलं की त्याबद्दल बोलायला माणसं मिळत नाहीत, म्हणून तिघांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलं होतं. बेकरीवाल्याला ड्रम लागत. मास्तरांना अर्थ लागे, आणि तोही ज्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही तिच्यातला. प्लेअर एकट्या चष्मेवाल्याकडे, त्यामुळे नवी रेकॉर्ड आली की तो ती कॅसेटवर भरून दोघांना द्यायचा.

आतल्या खोलीत मेहुणा होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने शिंपी. त्याची बायको त्याला सोडून गेली आणि तो शिलाई मशीन घेऊन बहिणीकडे आला. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून होता. मशीनवर घरातले टॉवेल वाळायला लागले होते. त्याला धड झोप लागत नसे आणि धड जागही नसे.

“ऊठ रे, दोन घास खाऊन घे,” ताई, म्हणजे चष्मेवाल्याची बायको, म्हणायची.

“कशाला?” तो भिंतीला विचारायचा.

या प्रश्नाचं उत्तर त्या घरात कुणालाच सुचलं नव्हतं. चष्मेवाल्याने एकदा “भूक लागते म्हणून” असं सांगून पाहिलं. त्यावर मेहुण्याने पांघरूण डोक्यावरून घेतलं.

अशात ती रेकॉर्ड आली. परदेशातला नवा बँड, पहिलाच अल्बम. बँडचं नाव तिघांनी तीन तऱ्हांनी उच्चारलं. पाकिटामागे फोटो होता: तीन दाढीवाले आणि मधोमध पिवळ्या फ्रॉकमधली एक चिमुकली बाई.

“ही कोण?” मास्तरांनी विचारलं.

“असेल कुणाची तरी बहीण,” बेकरीवाला म्हणाला. “फोटो काढायला लागलं की येतातच मध्ये.”

चष्मेवाल्याने सुई ठेवली. आधी ड्रम आले. चौघं जण काहीतरी जड खांद्यावरून नेताहेत आणि त्यांना कसलीही घाई नाही, असे ड्रम. मग आवाज आला. विहिरीच्या तळाशी बसलेला माणूस वर कुणी आहे का हे न विचारता बोलत राहावा, तसा. बेकरीवाल्याने मान खाली घातली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. तिसरं गाणं संपलं तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडलं. दारात मेहुणा उभा होता. गालावर उशीची घडी उमटलेली.

“हा कोण आहे?”

“नवीन गायक आहे,” चष्मेवाला म्हणाला.

“याला माझं कसं कळलं?”

मेहुणा खाली बसला, पाय पोटाशी घेतले. “तिसरं परत लावा, भावोजी.”

त्या दिवशी त्याने जेवण मागून घेतलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळ्यांना पदर लावत होती आणि चष्मेवाल्याला वाटत होतं की आयुष्यात आपल्या हातून एक तरी काम चांगलं झालं.

पुढचे दोन-तीन महिने त्या आवाजाचे होते. चष्मेवाल्याने मेहुण्यालाही एक कॅसेट भरून दिली, ती आतल्या खोलीत वाजत राहायची. बेकरीवाला दुकानात कॅसेट लावायचा, गिऱ्हाईक गुपचूप पाव घेऊन निघून जायचं. मास्तरांनी गायकाचं चरित्र रचलं: जन्म थंड प्रदेशात, वडील खाणीत, बायको लवकर गेली. आणि मग बातमी आली की तो बँड आपल्याच शहरात येतोय. तिकिटं काढली, चार. मेहुण्याने मशीनवरचे टॉवेल उचलून बाजूला ठेवले.

“कोट शिवतोय,” तो म्हणाला. “त्या माणसासाठी. कार्यक्रम झाला की हातात देईन.”

“माप कुठून आणलंस?”

“आवाजावरून. असा आवाज चाळीसच्या छातीतून निघतच नाही, भावोजी. चव्वेचाळीस. खांदे उतरते. डावा जरा जास्तच.”

कितीतरी दिवसांनी त्या घरात मशीनचा आवाज आला. सावकाश, एकेक टाका विचारून घातल्यासारखा.

*

आता खटका.

प्लेअरच्या कडेला एक खटका असतो. मोठ्या रेकॉर्डी बहुतेक तेहतीसच्या वेगाने फिरतात, छोट्या पंचेचाळीसच्या. पण एखादी मोठी रेकॉर्डही पंचेचाळीसची निघते. हे चष्मेवाल्याला ठाऊक होतं. त्याला सगळंच ठाऊक होतं.

एका सकाळी रेकॉर्ड चालू होती, मेहुणा धागा आणायला गेला होता आणि बायको धूळ पुसत होती. फडकं प्लेअरवरून फिरलं, खटका वर सरकला. विहिरीतला माणूस उडी मारून काठावर आला आणि त्याची मुलगी झाली. मुलगी टणाटण गात होती. मागे ड्रमवाल्याला कुणीतरी गुदगुल्या करत होतं.

“अगं! काय केलंस?”

“असू दे की आता,” बायको म्हणाली. “आता तो उठता-बसता झालाय.” आणि फडकं झटकायला बाहेर गेली.

चष्मेवाल्याला ते ऐकूही आलं नाही. तो दुकानातलं भिंग घेऊन आला आणि रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर धरलं. अगदी कडेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: ४५. लोकांना शेवटची ओळ वाचायला लावून पोट भरणारा माणूस तो. त्याने भिंग पुसून पुन्हा धरलं.

दुपारी त्याने बेकरी गाठली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. बेकरीवाला पिठाच्या हातांनी ऐकत राहिला.

“म्हणजे तो दुःखी नाही?”

“तो तो नाहीच. ती आहे. आणि मजेत आहे.”

“मजेत?” बेकरीवाल्याचा आवाज चढला. “लेका, त्याच्यापायी माझा केक खपत नाही! रोज संध्याकाळी शिळा केक मी खातोय! आणि ती मजेत?”

“मेहुण्याला काय सांगू, ते बोल.”

“खरं सांगून टाक.”

“आणि तो परत भिंतीकडे वळला तर?”

“मग नको सांगूस.”

“आणि कार्यक्रमाला गेल्यावर?”

बेकरीवाल्याने पिठाचे हात पुसले. मग पाव पुढे केला. “खा.”

चष्मेवाला पाव हातात घेऊन दुकानात परतला. एका म्हाताऱ्याला नवा नंबर द्यायचा होता. “एकदम पुरा नंबर देत नाही, आजोबा,” तो सवयीने म्हणाला. “थोडा थोडा चढवू. डोळ्यांना कळतसुद्धा नाही.” हे बोलता बोलता तो थांबला.

त्या संध्याकाळी त्याने खटका पंचेचाळीसवर केला आणि फिरत्या तबकडीच्या कडेला उजवा अंगठा दाबून धरला. तबकडी रेंगाळली. मुलगी पुन्हा खाली उतरली; अगदी तळापर्यंत नाही, तळाच्या दोन पायऱ्या वर. एवढ्या अवस्थेत त्याने कॅसेट भरली. “ही जास्त स्वच्छ आलीय,” असं सांगून जुन्या कॅसेट परत मागितल्या आणि नव्या दिल्या. मास्तरांनी मुकाट्याने दिली. मेहुणा म्हणाला, “ती माझ्याकडेच राहू दे.” पुढच्या आठवड्यात अंगठा थोडा सैल. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी सैल. कार्यक्रमापर्यंत अंगठा पूर्ण उचलायचा आणि सगळे हळूहळू खऱ्या वेगाला पोहोचतील, असा हिशेब होता.

पण अंगठा म्हणजे यंत्र नव्हे. तो थरथरायचा.

“या खेपेला तो रडलाय,” मेहुणा डोळे पुसत म्हणाला. “दुसऱ्या गाण्यात. आवाज कसा कापतो बघा.”

“मी नोंद घेतलीय,” मास्तर म्हणाले. “मूल गेलं असावं.”

तिसऱ्या कॅसेटनंतर मेहुण्याने कोट खाली ठेवला. “भावोजी, एक विचारू? याची तब्येत सुधारतेय का हो?”

“का रे?”

“हलका वाटतोय. बारीक झाल्यासारखा. छाती बेचाळीस करू का?”

चष्मेवाल्याच्या अंगठ्यावर टम्म फोड आला होता. पुढच्या आठवड्यात तो तबकडीला टेकवताही येईना. उरलेला वेग तसाच राहून गेला आणि कार्यक्रमाचा दिवस उजाडला.

*

हॉल म्हणजे एरवी टेबल टेनिस खेळायची जागा. जमिनीवर पांढरे पट्टे. कार्यक्रम दुपारी चारचा. दारात छापील कागद मिळाला, त्यात गाण्यांची नावं सगळ्यांना कळतील अशी लिहिलेली. मास्तरांनी तो उत्सुकतेने उघडला, वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

“काय लिहिलंय?” मेहुण्याने विचारलं.

“छपाईची चूक आहे.”

तिसऱ्या गाण्यासमोर लिहिलं होतं: सायकल शिकताना.

मग तीन दाढीवाले आले आणि त्यांच्यामधून पिवळा फ्रॉक उडी मारून पुढे आला. लोक ओरडले. पहिल्या ठोक्याला आख्खा हॉल नाचायला लागला, फक्त चार माणसं सोडून. मेहुणा मांडीवर कोटाची पिशवी धरून ताठ बसला होता.

“पोरं बरी आहेत,” तो भावोजींच्या कानात ओरडला. “मुख्य माणूस कधी येतो?”

“येईल,” चष्मेवाला म्हणाला. याहून मोठं खोटं तो जन्मात बोलला नव्हता.

तिसरं गाणं लागलं. मेहुण्याने मान तिरपी केली. “हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं.”

“हल्ली सगळी एकसारखीच असतात.”

बेकरीवाल्याचा पाय मात्र नकळत ठेका धरायला लागला होता. चष्मेवाल्याने त्याच्याकडे पाहिलं तसा त्याने पाय दुसऱ्या पायाखाली दाबला.

गाणी संपली. स्टेजवरच्या चौघांनी वाकून नमस्कार केला, दिवे लागले, हॉल रिकामा झाला. मेहुणा जागचा हलला नाही. एक माणूस झाडू घेऊन आला.

“उठा, साहेब.”

“मुख्य माणूस राहिलाय.”

झाडूवाल्याने स्टेजकडे पाहिलं. “एवढेच होते. चार.”

मेहुणा भावोजींकडे वळला. आणि चष्मेवाल्याने सांगितलं. खटका, भिंग, अंगठा, सगळं. सांगताना तो पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होता.

“म्हणजे असा माणूसच नाही?”

“नाही.”

“मग माझं कळलं ते कुणाला?”

“तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर,” मास्तर हळूच म्हणाले, “मोटरला.”

“गप बसा हो मास्तर!” बेकरीवाला म्हणाला.

मेहुण्याचा चेहरा हळूहळू भिंतीकडे वळू लागला. चष्मेवाल्याला तो चेहरा पाठ होता. तो मनातल्या मनात बायकोला काय सांगायचं याची वाक्यं जुळवू लागला आणि एकही जुळेना.

तेवढ्यात ती बाई वायरी गुंडाळायला परत आली. घाम आलेला, हॉल गार, ती कुडकुडत होती. तिला पिशवीतून डोकावणारी काळी बाही दिसली. तिने बोट दाखवलं, मग स्वतःच्या खांद्यांकडे. मेहुणा काही देईना. तिने हात पुढे केला. शेवटी त्याने नाइलाजाने कोट दिला.

कोट तिच्या घोट्यापर्यंत आला. बाह्यांत हात हरवले. तिने बाह्या पंखांसारख्या फडफडवल्या आणि हसत सुटली.

“हसतेय काय?” मेहुणा उठून उभा राहिला. “अशी लोंबती बाही घालून फिरणार? नाव माझं जाईल!”

“अरे, तिला कळत नाही तू काय...” चष्मेवाला म्हणाला.

पण मेहुण्याने खिशातून खडू काढला होता. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, टाचण्या तोंडात धरल्या आणि घेरावर खुणा करू लागला. ती हलली की तो टाचण्यांमधून “हं!” म्हणून दटावायचा. ती हसायची थांबली. बराच वेळ ती निमूट उभी राहिली, हात पसरून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. दाढीवाले वायरी गुंडाळत होते आणि झाडूवाला त्यांच्याभोवतीने झाडत होता.

“कोट घेऊन चाललोय,” मेहुणा शेवटी म्हणाला. “यांची बस सकाळी आहे ना? त्याआधी आणून देतो म्हणावं.”

मास्तरांनी हातवारे करून सांगितलं. तिला काय कळलं कोण जाणे, तिने मान हलवली.

घरी आल्यावर मेहुणा कुणाशी न बोलता आत गेला आणि दार लावलं. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याला तोंड वर करवेना. दोघं दाराला कान लावून उभी राहिली.

आतून मशीनचा आवाज आला. भरधाव.

आणि त्याच्या जोडीला, बारीक आवाजात, पहिली कॅसेट. जी त्याने परत दिली नव्हती. विहिरीच्या तळाशी बसलेला तो माणूस गातच होता.

चष्मेवाल्याने दार ढकललं. मेहुण्याने मान वर केली नाही. “बाईचं गाणं चांगलं आहे, भावोजी. चौतीस छाती. पण हा माणूस कुठंतरी असणारच. उरलेल्या कापडात त्याचं जाकीट बसेल.”

“जेवायला ये,” ताई म्हणाली.

“एवढी बाही झाली की आलो.”

रेकॉर्ड आली त्या सकाळी प्लेअरचा खटका पंचेचाळीसवरच होता. आतल्या खोलीत भावाचा नुकताच डोळा लागला होता, गाणी संथ वाजली तर तो उठणार नाही म्हणून बायकोने खटका खाली ओढला आणि ती चहा टाकायला गेली.